फातिमाचे नाव कोणत्या पानावर आहे?

(विद्यार्थ्यांच्या संशोधन-लेखन शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘संशोधनात संदर्भ कसे द्यावेत’. विषय ऐकून दोघातिघांनी जांभई दिली, ती मी पाहिली. त्यांची चूक नाही. हा विषय आपल्याकडे शिकवतात तो स्वल्पविराम आणि कंसांच्या पातळीवर. मी तिथून सुरुवात करणार नाही. मी फातिमा शेख यांच्यापासून सुरुवात करतो.

इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी त्यांच्यावर निबंध लिहिला आहे, भाषण केले आहे? हात वर करा. जवळपास सगळेच. आता असे सांगा, त्यांच्याबद्दलची माहिती तुम्ही कुठून घेतली? गुगलच्या डूडलवरून, व्हॉट्सअॅपवरून, कुणाच्या तरी भाषणातून. मूळ कुठे आहे, ते कुणी पाहिले?

जानेवारी 2025 मध्ये एका नामवंत पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केले की फातिमा शेख नावाची कुणी बाई नव्हतीच, हे पात्र आपणच रचले. तुम्हाला आठवत असेल, त्या दोन दिवसांत आपल्या पोरांची काय अवस्था झाली होती. कुणी संतापले, कुणी शिव्या दिल्या, कुणी भावुक पोस्टी लिहिल्या. वर्षानुवर्षे जयंती साजरी करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे सांगता आले की थांबा, पुस्तक उघडा, हे बघा पान.

आणि पान होते. सावित्रीबाईंनी 10 ऑक्टोबर 1856 रोजी आजारपणात माहेरी नायगावला असताना जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण इथे नसल्याने तिच्यावर कामाचा ताण पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. हे पत्र डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ या ग्रंथात छापलेले आहे. ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1988 साली काढला. 1988 साली समाजमाध्यमे नव्हती. ‘हे पात्र मी रचले’ या दाव्याला एवढे एक वाक्य पुरेसे होते. ज्यांनी ते वेळेवर मांडले, त्यांनी आपल्या सगळ्यांची लाज राखली.

पण आता दुसरी बाजूही ऐका, कारण ती तुम्हाला आवडणार नाही. त्या पत्रात फक्त ‘फातिमा’ असे नाव आहे. आडनाव नाही, जन्मतारीख नाही. आणि आपण बिनधास्त लिहितो, जन्म 9 जानेवारी 1831. ही तारीख त्या पत्रातून येत नाही. मग कुठून येते? तुम्ही ती जिथे वाचली, त्या लेखाचे किंवा पुस्तकाचे नाव द्या. म्हणजे वाचणारा स्वतः ठरवील की त्यावर किती विसंबायचे. फुले दांपत्याला आसरा देणाऱ्या उस्मान शेख यांच्या घराची हकिकतही तशीच. सांगायला मनाई नाही, पण कुणाच्या आधारे सांगतो ते लिहा. पत्रातले आणि नंतरच्या सांगण्यातले एकाच परिच्छेदात एकाच सुरात मिसळले, की उद्या कुणी एक तारीख खोटी पाडेल आणि तिच्याबरोबर सगळी बाईच खोटी ठरवेल. मी स्वतः मूळ हस्तलिखित पाहिलेले नाही, छापील पत्र पाहिले आहे. म्हणून माझ्या तळटिपेत मी माळींच्या ग्रंथाचे नाव आणि पान लिहितो, ‘मूळ पत्र’ असे लिहीत नाही.

हा फरक आपल्याकडे नवा नाही. तुमच्यापैकी जे मदरशात शिकले, त्यांना ‘इस्नाद’ माहीत आहे. हे मी अमुककडून ऐकले, त्याने तमुककडून ऐकले, अशी साखळी. हदीसचा मजकूर कितीही सुंदर असला तरी साखळी तुटकी असेल तर मुहद्दिस थांबायचे. त्यातच एक शब्द आहे, ‘तदलीस’. प्रत्यक्षात मधल्या माणसाकडून ऐकायचे, पण त्याचे नाव गाळून असे बोलायचे की थेट वरच्या गुरूकडूनच ऐकले असे वाटावे. सरळ खोटे नाही, नुसती झाकपाक. शुअबा इब्न हज्जाज यांच्यासारख्यांनी यावर फार कडक बोलून ठेवले आहे. पुढे पंधराव्या शतकात इब्न हजर अस्कलानी यांनी तदलीस करणाऱ्यांचे पाच वर्ग पाडले, कोण क्षम्य, कोण नाही. आपल्या यूजीसीने 2018 च्या नियमांत उचलेगिरीच्या चार पातळ्या केल्या. इब्न हजर एका पातळीने पुढेच!

हसू नका, कारण तदलीस मीही केली आहे. एम.ए.च्या प्रबंधात मी लिहिले होते, ‘फक्त 4 टक्के मुस्लिम मुले मदरशात जातात’, आणि खाली ऐटीत तळटीप, ‘सच्चर समिती अहवाल, 2006’. अहवाल मी उघडलाही नव्हता. आकडा एका वर्तमानपत्रातल्या लेखातून घेतला होता. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी शांतपणे विचारले, ‘4 टक्के, कशाचे?’ मला प्रश्नच कळला नाही. घरी येऊन अहवाल उघडला. तिथे दोन्ही आकडे आहेत. शिकत असलेल्या मुस्लिम विद्यार्थ्यांपैकी सुमारे 4 टक्के मदरशात आहेत. शाळेच्या वयाच्या सगळ्या मुस्लिम मुलांपैकी, म्हणजे जी कुठेच शिकत नाहीत त्यांनाही धरून, सुमारे 3 टक्के. या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत ती मुले आहेत जी ना शाळेत आहेत, ना मदरशात. त्याच अहवालात म्हटले आहे की 6 ते 14 वयातली 25 टक्के मुस्लिम मुले एकतर कधी शाळेत गेलीच नाहीत किंवा शाळा सोडून बसली. माझ्या प्रबंधाचा खरा विषय तो होता. मी तो लेखाच्या भरवशावर हुकवला.

तेव्हा लेख वाचून आकडा घेतला असेल तर लेखाचेच नाव लिहा, ‘अमुक लेखात उद्धृत’. त्यात कमीपणा नाही. आणि अहवाल अल्पसंख्याक मंत्रालयाने खुला ठेवलेला आहे, तेव्हा तेवढा आळस करू नका.

सॉफ्टवेअरबद्दल एकच सांगतो, कारण तुम्ही तेच विचारणार आहात. 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालते, हे सगळ्यांना पाठ आहे. पण यंत्र शब्दांचे साम्य मोजते, नियत मोजत नाही. असगर अली इंजिनिअर यांचा इंग्रजी लेख उचलून मराठीत उतरवला, किंवा उर्दू मासिकातला लेख देवनागरीत आणला, तर यंत्राला बहुतेक वेळा पत्ता लागत नाही. आपल्याला तीन-तीन भाषा येतात, ही आपली श्रीमंती आहे. तिचा उपयोग चोरी लपवण्यासाठी होताना मी पाहतो, तेव्हा वाईट वाटते. भाषांतर केले असेल तर मूळ लेखकाचे नाव द्या आणि ‘भाषांतर माझे’ असे लिहा. ते तुमचेच श्रेय आहे, ते का सोडता?

याचीच एक गंमत सांगतो. हमीद दलवाई मराठीत लिहीत. त्यांच्या लेखनाचा दिलीप चित्रे यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ग्रंथालयात सहज मिळतो. एका विद्यार्थ्याने तो वाचला, त्यातले वाक्य पुन्हा मराठी केले आणि अवतरणचिन्हांत घातले, ‘दलवाई म्हणतात’. ते वाक्य दलवाईंनी कधी लिहिलेच नाही! अर्थ त्यांचा, शब्द आपल्या पोराचे. अवतरणचिन्ह ही शपथ आहे, जपून घ्या. एआयला विचारून मिळालेल्या पुस्तकांच्या याद्यांबाबत तर विचारूच नका. त्यातली काही पुस्तके जगात अस्तित्वातच नसतात.

शेवटी मुलाखतींबद्दल, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणी तलाक, पोटगी, मुलींचे शिक्षण यांवर काम करत आहात. इथे नियम उलटा होतो. पुस्तकाचे नाव लपवायचे नाही, पण बाईचे नाव लपवावे लागते. तिला आधी विचारा, नाव छापले तर चालेल का. नाही म्हणाली तर नाव बदला, मोहल्लाही ओळखू येऊ देऊ नका. पण ‘मुलाखत, अमुक महिना, अमुक वर्ष, नाव बदलले आहे’ एवढे लिहाच, नाहीतर वाचणारा म्हणेल, ही गोष्ट तुम्हीच रचली. आणि जिला नाव हवे आहे, तिचे नाव गाळू नका. मोहल्ल्याचा इतिहास तुम्हाला एखाद्या खालाने तासभर बसून सांगितला असेल, तर ती ‘एक स्थानिक महिला’ नाही. ती तुमचा संदर्भ आहे, प्राध्यापकाइतकाच. पत्रातल्या फातिमाचे आडनाव आपण आज शोधत बसलो आहोत. खालाच्या बाबतीत ती पाळी येऊ देऊ नका.

जेवणाला अजून अर्धा तास आहे. प्रत्येकाने आपल्या प्रबंधातले एक पान काढून शेजारच्याकडे द्या. शेजारच्याने प्रत्येक तळटिपेसमोर एकच प्रश्न विचारायचा, हे तू स्वतः पाहिलेस का? नाही म्हटले तर पेन्सिलने फुली मारा. माझे पान मी पहिल्या रांगेत देतो.