खिडकीचा उजेड आणि माणसाचा चेहरा

छायाचित्र काढणें ही गोष्ट आतां इतकी सोपी झाली आहे कीं, ती एके काळीं कठीण होती याची आठवणही कोणास राहिलेली नाहीं. खिशांतल्या टेलिफोनांतच कॅमेरा असतो. बोट लावलें कीं चित्र तयार. परंतु चित्र निघणें आणि माणसाचा चेहरा चित्रांत उतरणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. पन्नास चित्रें काढावीं आणि घरच्या माणसांनीं तीं पाहून “ही कांहीं आपली मुलगी वाटत नाहीं” असें म्हणावें, हा अनुभव कोणत्या घरांत आलेला नाहीं? त्याचें खापर बहुधा कॅमेऱ्यावर फुटतें, आणि मग अधिक किंमतीचा कॅमेरा आणला जातो. वास्तविक दोष पुष्कळदां कॅमेऱ्याचा नसून, माणसाला कोणत्या उजेडांत, कोठें आणि कोणत्या वेळीं बसविलें याचा असतो.

समजा, मीरा-भाईंदर शहरांत केबिन रोडवरील एखाद्या इमारतींत विशीच्या आंतबाहेरची एक मुलगी राहते. जाहिरातींत अगर कपड्यांच्या पेढ्यांसाठीं मॉडेल म्हणून काम करावें अशी तिची इच्छा आहे. असें काम मागावयाचें तर प्रथम स्वतःच्या चित्रांचा संच दाखवावा लागतो. स्टुडिओचें भाडें, दिवे, रंगभूषा हा सगळा खर्च बेतांत राहणाऱ्या कुटुंबाला झेपणारा नसतो, आणि काम मिळेल याची तर कोणीच हमी देत नाहीं. घरीं आहे ती एक खोली, एक खिडकी, बाहेर जिना, वर गच्ची. कॅमेरा हातीं घेणारा एखादा मावसभाऊ अगर शेजारचा विद्यार्थी. एवढ्या सामग्रींत काम भागेल काय? भागेल, कारण छायाचित्रकलेच्या पहिल्या पन्नास वर्षांत मोठमोठ्या कारागिरांजवळही उजेडाचें दुसरें साधन बहुधा नव्हतें.

१८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकीं एक. पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन संस्थेंत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तेथें शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनीं मुंबईंत या कलेचा स्वतंत्र व्यवसाय मांडला. त्या काळीं कांचेवर रसायन चढवून ती ओली असतांनाच चित्र घ्यावें लागे. बसणाऱ्या माणसाला कित्येक सेकंद निश्चल राहावें लागे, म्हणून मानेमागें लोखंडी टेकू लावीत. चित्रशाळेचें छप्पर व एक भिंत कांचेची असे आणि आंत पडदे सरकवून उजेड कमीजास्त करीत. कागदावर प्रत उठवावयाची तीही उन्हांतच! सगळा व्यापार सूर्यनारायणाच्या मर्जीवर चाले.

या ओल्या कांचेची एक खोड होती. तिला निळे-जांभळे किरण तेवढे कळत; तांबडे व पिवळे जवळजवळ कळतच नसत. आपल्याकडील गव्हाळ आणि सांवळ्या वर्णांत तांबूस-पिवळी छटाच अधिक, त्यामुळें चेहरे होते त्याहून काळे उमटत. मग चित्रावर कुंचल्यानें रंग चढवून ते उजळ करण्याची चाल पडली. यंत्राचा अपुरेपणा होता तोंवर त्याला निमित्त तरी होतें. आज तो अपुरेपणा मुळींच उरलेला नाहीं, तरीही सांवळ्या मुलीला चित्रांत गोरी करण्याची हौस मात्र उरलेली आहे. आतां कुंचल्याऐवजीं बोटाच्या एका स्पर्शानें तें होतें. ज्या मुलीला या चित्रांवर काम मिळवावयाचें आहे तिचें यांत प्रत्यक्ष नुकसान आहे. निवड करणारा माणूस चित्र पाहून तिला बोलावतो आणि समोर दुसरीच व्यक्ति उभी राहते! गाडीभाडें खर्चून ती आली तशी परत जाते. म्हणून तिचा रंग, तिची कांति जशीच्या तशी दाखविणारा उजेड शोधणें हें या कामांतील पहिलें कर्तव्य होय.

असा उजेड भर दुपारच्या उन्हांत मिळत नाहीं. भाईंदर हें उत्तर अक्षांश सुमारें १९.३ वर आहे. मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस तेथें मध्यान्हीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो. अशा वेळीं भुंवयांची सांवली डोळ्यांत पडते, नाकाची सांवली ओठांवर उतरते, कपाळ मात्र लखलखतें. मुलगी कितीही प्रसन्न असो, चित्रांत ती थकलेली व खोल डोळ्यांची दिसते. डिसेंबरांत तोच सूर्य मध्यान्हीं सुमारें ४७ अंशांवरच राहतो, म्हणून हिवाळ्याची दुपार त्यामानानें दयाळू. सकाळ-संध्याकाळचें कोंवळें ऊन सर्वांना आवडतें, पण आपल्याकडे तें फार वेळ थांबत नाहीं. विषुवदिनाच्या सुमारास लंडनचा सूर्य मावळतांना तासाला सुमारें ९ अंश खालीं जातो, तर आपला सुमारें १४. विलायती पुस्तकांत वर्णिलेला तो लांबलचक सोनेरी प्रहर वाचून जो छायाचित्रकार आरामांत चहा घेत बसेल, त्याच्या हातीं अंधारच लागेल.

उत्तरेच्या खिडकीचेंही असेंच आहे. चित्रशाळेला उत्तरेची खिडकी असावी हा युरोपांतला जुना दंडक. कारण त्या बाजूस ऊन सहसा येत नाहीं आणि आकाशाचा शांत, एकसारखा उजेड दिवसभर मिळतो. हा नियम येथें जसाच्या तसा लागू पडत नाहीं. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेस उगवतो व पश्चिमेच्या उत्तरेस मावळतो, आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर मध्यान्हींही तो किंचित् उत्तरेकडेच असतो. तेव्हां पुस्तकापेक्षां घड्याळ बरें. आपल्या खिडकींत ऊन केव्हां येतें आणि केव्हां सरतें हें दोन दिवस पाहून ठेवावें, म्हणजे पुष्कळ काम झालें.

केबिन रोडसारख्या दाट वस्तीच्या रस्त्यावर आणखी एक गंमत असते. समोरासमोरच्या इमारतींमुळें खिडकींतून आकाश दिसतें हातभर; परंतु समोरच्या भिंतीवर ऊन पडलें कीं ती भिंतच दिवा होते. पांढरी किंवा फिकट पिवळसर, कांहींशी जुनाट भिंत असली तर तिच्यावरून परतणारा उजेड इतका मृदु असतो कीं, पैसे मोजूनही तसा मिळावयाचा नाहीं. पश्चिमेच्या खिडकीला तो सकाळीं मिळतो, पूर्वेच्या खिडकीला दुपार कलल्यावर. भिंत गडद असली, किंवा तिच्या जागीं काळसर कांचेची नवी उंच इमारत आली, कीं हा फुकटचा दिवा विझला. घर विकत घेतांना पाणी, रस्ता, स्टेशन यांची चौकशी सारेच करतात. समोरच्या भिंतीच्या रंगाची कोणी करीत नाहीं.

प्रत्यक्ष बसविण्याची रीत साधी आहे. मुलीला खिडकीसमोर नव्हे, तर खिडकीच्या बाजूस, सुमारें दोन हातांवर बसवावें आणि तोंड अर्धवट उजेडाकडे वळवावयास सांगावें. खिडकीचें लहानसें प्रतिबिंब दोन्ही बुबुळांत चमकूं लागलें कीं जागा साधली असें समजावें. तो ठिपका नसला तर डोळे निर्जीव दिसतात, मग बाकीचें कितीही चांगलें असो. चेहरा खिडकीजवळ आणि मागची भिंत लांब ठेवली कीं भिंतीवर उजेड पुष्कळ कमी पोंचतो. खोलींतलें कपाट, दोरीवरचे कपडे, कॅलेंडर हीं सारीं आपोआप काळोखांत जातात. मग पडद्याची गरज नाहीं आणि लहान खोलीची लाजही नाहीं. सांवलीकडच्या गालाला उजेड द्यावयाचा असल्यास त्या बाजूस पांढरें धोतर, चादर अगर थर्मोकोलचा तक्ता धरावा. फार जवळ धरूं नये; दोन्ही गाल सारखेच उजळले तर चेहऱ्याचा घाट नाहींसा होऊन तो थाळीसारखा सपाट दिसतो. खिडकींतून थेट ऊन येत असेल तर गजांच्या सांवल्या तोंडावर उठतात. त्यावर जुन्या मलमलीचा एक पदर बांधला कीं पुरे.

रंगांविषयीं मात्र सावध असावें लागतें. खोलीची भिंत हिरव्या तैलरंगाची असली तर गालावर हिरवट झांक येते. पावसाळ्यांत खिडकीवर निळें प्लास्टिक बांधलें असलें तर मुलगी आजाऱ्यासारखी दिसते. छतावरची नळीची बत्ती तशीच चालूं ठेवणें ही तर सर्वांत सामान्य चूक. दिवसाचा उजेड एका रंगाचा, बत्तीचा दुसऱ्या. दोहोंच्या मिश्रणांत कातडीचा खरा रंग हरवतो. बत्ती बंद करावी. खोली काळोखी वाटली तरी चालेल.

कॅमेऱ्याच्या हिशेबाची एक गोष्टही ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. समोर येणारा उजेड मध्यम असावा असें आपणहून धरून यंत्र चालतें. सांवळा चेहरा पांढऱ्या भिंतीसमोर आला कीं यंत्र भिंतीला भुलतें आणि चेहरा काळवंडतो; काळोखासमोर तोच चेहरा नको तितका फटफटतो. म्हणून मोजमाप चेहऱ्याचें घ्यावें, भिंतीचें नव्हे. शिवाय सांवळ्या कांतीचें सौंदर्य नुसत्या उजळपणांत नाहीं. बाजूनें येणाऱ्या उजेडाची जी एक मंद झळाळी गालाच्या उंचवट्यावर आणि कपाळाच्या कडेला उमटते, तींत तें आहे. ती झळाळी पावडरीनें पुसून टाकणें म्हणजे जें दाखवावयाचें तेंच झांकणें. घाम मात्र रुमालानें टिपावा.

मोठमोठ्यांनीं याहून अवघड परिस्थितींत काम केलें आहे. कलकत्त्यास १८१५ सालीं जन्मलेल्या ज्युलिया मार्गरेट कॅमेरॉन या बाईंनीं अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं प्रथम कॅमेरा हातीं घेतला. इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट बेटावर कोंबड्यांच्या खुराड्याला कांचा होत्या. तीच त्यांची चित्रशाळा झाली. घरांतली मोलकरीण मेरी हिलियर त्यांच्यापुढें वारंवार बसे, आणि तिचीं चित्रें आज जगांतल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनीं सिनेमाकडे वळण्याआधीं गोध्ऱ्यास छायाचित्रांचा धंदा केला होता, आणि १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यांनीं सूर्याच्याच उजेडांत उभा केला.

परंतु केबिन रोडवरच्या मुलीला अधिक जवळचें उदाहरण होमाई व्यारावाला यांचें. नवसारीस १९१३ सालीं जन्मलेल्या या पारशी बाई मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत शिकल्या. पुढें त्या भारतांतील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून विख्यात झाल्या आणि २०११ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें. पण आरंभीच्या दिवसांत त्यांची मॉडेल होती कलाशाळेंतलीच सहाध्यायिनी, रेहाना मोगल. रंगविलेला पडदा नाहीं, संगमरवरी खांबाचा देखावा नाहीं. कलाशाळेच्या वर्गांत काम करीत असलेली एक तरुण स्त्री, तिची उभी राहण्याची ढब, तिची मोकळी नजर. १९३० नंतरच्या दशकांतील मुंबईची शिकलेली मुलगी कशी होती हें त्या चित्रांवरून जितकें कळतें तितकें पुष्कळ ग्रंथांवरून कळत नाहीं. आरंभीं होमाईंचीं चित्रें त्यांचे पति माणेकशा यांच्या नांवानें छापलीं जात, हाही त्या काळाचाच एक मासला.

मैत्रिणीनें मैत्रिणीचें चित्र काढावें यांत आणखी एक लाभ होता, आणि त्याचा उल्लेख टाळतां येत नाहीं. जिचें चित्र काढावयाचें तिला संकोच वाटत असेल तर जगांतला कोणताही उजेड तो लपवीत नाहीं. खांदे आखडतात, ओठ मिटतात, हनुवटी खालीं जाते. नवख्या मुलीला काम देण्याचें आमिष दाखवून एकटीला बोलावणारे लोक या धंद्यांत आहेत. यासाठीं आई, बहीण किंवा मैत्रीण बरोबर असावी, दार उघडें असावें, काढलेलें प्रत्येक चित्र तिला तेथल्या तेथें दाखवावें, आणि कोणतें चित्र कोठें जावयाचें हें आधींच कागदावर ठरवून घ्यावें. ज्याला यांत अडचण वाटते त्याच्यापुढें बसूंच नये.

पावसाळ्यांत काय करावें? ढगाळ आकाश म्हणजे उजेडाचा एक प्रचंड पांढरा मांडवच. मात्र तो उजेडही वरूनच येतो, त्यामुळें गच्चीवर उभें केलें तर डोळे पुन्हा काळोखांत. त्यापेक्षां इमारतीच्या जिन्याच्या तोंडाशीं, छपराच्या कडेच्या एक पाऊल आंत मुलीला उभें करावें आणि बाहेर पाहूं द्यावें. वरचा उजेड छप्पर अडवितें, समोरचा तेवढा चेहऱ्यावर येतो. भाईंदरभोंवतालच्या मिठागरांवरही अनेकांना चित्रें काढावीशीं वाटतात. उन्हाळ्यांत तेथें मिठाच्या राशी उभ्या असतात आणि त्यांवरून इतका उजेड उसळतो कीं डोळे दिपतात. राशीच्या अगदीं पुढ्यांत बसविल्यास तो उजेड हनुवटीखालून येऊन चेहरा विचित्र करतो. रास बाजूला ठेवावी, वेळ सकाळची निवडावी, आणि तेथें काम करणाऱ्यांची परवानगी घेऊन, त्यांच्या वाटेंत न येतां आपलें काम उरकावें. उन्हाकडे पाहून मुलीचे डोळे मिचकावत असतील तर तिला ते मिटून घ्यावयास सांगावें, तीन आंकडे मोजावे आणि तिसऱ्याला उघडावयास सांगावें. त्या पहिल्या क्षणीं ती जशी पाहते तशी नजर पुढच्या क्षणीं राहत नाहीं, म्हणून बोट आधींच तयार असलेलें बरें.