एकाच घरची दोन लेकरे



आम्ही बल्लारपूरच्या बाजूला पुष्कळ वर्षे गुरुजी होतो. आज तुम्हांला आमचीच एक चूक सांगायची आहे. ती तुमच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी.

आमच्या शाळेत एक भाऊ आणि त्याची बहीण शिकत होती. बाप रोज पिऊन घरी यायचा. भांडी फेकायचा. बायकोला मारायचा. लेकरे कोपऱ्यात बसून पाहायची.

मुलगा शाळेत मारामारी करी. आम्ही त्याला छड्या दिल्या. मुलगी मान खाली घालून गप्प बसे. आम्ही वर्गाला सांगायचो, "पाहा, किती गुणी पोरगी आहे!" तिचे पोट नेहमी दुखायचे. आम्ही लक्ष दिले नाही. सातवीत तिने शाळा सोडली.

पुढे ती बाजारात भेटली. कडेवर लेकरू होते. आम्ही म्हटले, "तू किती शांत होतीस गं!"

ती म्हणाली, "शांत नव्हती मी, गुरुजी. भेव वाटे. रातभर झोप नाही ये. भावाला तुम्ही मारलं तरी. मले तर कोणी पुसलंच नाही."

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. मग आम्ही वाचू लागलो, जाणत्यांना विचारू लागलो. कळले ते असे.

आपला मुलूख वाघांचा. मोहफुले वेचताना वाघ दिसला तर छाती धडधडते. मेंदू हुकूम सोडतो. मूत्रपिंडांवरच्या दोन लहान ग्रंथींतून रस रक्तात येतात. त्यांतल्या एकाचे नाव कॉर्टिसॉल. त्यांच्यामुळे पळायला बळ येते. वाघ गेला, की शरीर शांत होते. यात वाईट काही नाही. यानेच जीव वाचतो.

पण वाघ रोज संध्याकाळी घरातच आला तर? मग लेकराचे शरीर शांत व्हायला सवडच मिळत नाही. लहानपणी मेंदू घडत असतो. ओल्या मडक्यावर बोटाची खूण उमटते, तशी या भीतीची खूण मेंदूवर राहू शकते. शिकणे, ध्यानात ठेवणे, राग आवरणे जड जाते.

मुलगा आणि मुलगी यांच्यांत ही खूण वेगळी दिसू शकते. त्यांच्या शरीरातले रस गर्भापासूनच थोडे वेगळे असतात. वयात येताना ते आणखी बदलतात. शिवाय आपण मुलाला म्हणतो, "रडू नको." मुलीला म्हणतो, "तोंड उघडू नको." म्हणून पुष्कळदा मुलाचे दुःख भांडणात नि व्यसनात बाहेर पडते. मुलीचे आतच राहते. वयात आल्यावर उदासीचा आजार मुलींत मुलांच्या जवळजवळ दुप्पट आढळतो. अर्थात सगळी लेकरे सारखी नसतात. गप्प मुलगे असतात, भांडखोर मुलीही असतात.

रुमानिया नावाच्या देशात पुष्कळ लेकरे अनाथालयांत वाढत होती. तेथे माया करणारे कोणी नव्हते. २००० सालाच्या सुमारास अभ्यासकांनी १३६ लेकरे निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी केली. अर्ध्यांना सांभाळणारी घरे दिली. पुढे पाहिले, तर घर मिळालेल्या मुलींची भीती आणि उदासी कमी झाली होती. मुलग्यांत या बाबतीत तेवढा फरक दिसला नाही. म्हणजे मुलीचे आतले दुःख दिसत नसले, तरी मायेने ते हलके होऊ शकते. आणि मुलग्यालाही धीराने जपावे लागते.

आपल्या मायबहिणींना हे पुस्तक न वाचताच कळले होते. २०१० साली त्या दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या. २०१५ साली जिल्ह्यात बंदी झाली, २०२१ साली ती उठली. पण आपल्या घरात दारू येऊ न देणे आजही आपल्या हाती आहे.

तेव्हा मंडळी, एवढे करा. घरात लेकरांसमोर हात उगारू नका. मुलगा भांडला, तर आधी जवळ बसवा, मग समजवा. मुलगी गप्प राहिली, जेवेनाशी झाली, पोट दुखते म्हणाली, तर दवाखान्यात न्या आणि भीती कशाची हेही विचारा. घरचे माणूसच मारत असेल, तर १०९८ या क्रमांकावर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत.

आम्ही त्या मुलीला वेळेवर विचारले नाही. तुम्ही आज घरी गेल्यावर आपल्या लेकीला विचारा.