‘दंड भर अन् मोकळा हो’? थोडं थांबा!

आजचा विषय जरा कोरडा वाटेल, पण पूर्ण ऐका. तोडफोडीची पहिली केस. मोर्चात गेलो, दगड फेकला. मिरवणुकीत भांडण झालं, कुणाच्या गाडीची काच फुटली. नाहीतर रात्री मित्रांसोबत भिंत रंगवून आलो. आयुष्यात कधी ठाण्याची पायरी चढली नाही, आणि आता घरी समन्स.

अशा वेळी आपल्या वर्ध्यात पहिला सल्ला काय मिळतो? “कबूल कर ना बे, दंड भर अन् मोकळा हो.” आज मला याच एका वाक्यावर बोलायचंय.

आधी एक गैरसमज काढू. अमेरिकन सीरीज पाहून वाटतं की छोटा गुन्हा म्हणजे चार दिवस पार्क झाडायचं, विषय संपला. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आली खरी, पण ती मोजक्याच गुन्ह्यांना आहे. तोडफोड त्यात नाही.

तोडफोडीचं कलम आहे ३२४. साधं नुकसान असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. सरकारी किंवा नगरपालिकेची वस्तू असेल तर एक वर्षापर्यंत. नुकसान वीस हजार ते एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत, आणि एक लाख किंवा जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. म्हणजे काचेचं बिल किती, यावर तुमचं कलम ठरतं. म्हणून पंचनाम्यात आकडा काय लिहिलाय ते वकिलाकडून तपासून घ्या. बिल जोडलंय की अंदाजे लिहिलंय, हेही बघा.

आता गंमत ऐका. गंमत कसली, धोकाच तो. हिंगणघाटला तुम्ही शेजाऱ्याच्या कारची काच फोडली आणि तोच दगड एसटीवर मारला, तर दोन वेगळ्या गोष्टी होतात. एसटी म्हणजे सार्वजनिक मालमत्ता, आणि त्यातही सार्वजनिक वाहतूक. तिथे १९८४चा सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध कायदा लागू शकतो. त्यात किमान सहा महिने, कमाल पाच वर्षं सक्तमजुरी आहे. सहा महिन्यांच्या खाली यायचं तर कोर्टाला कारणं लिहावी लागतात. दगड एकच, पण केस पार वेगळी. म्हणून ‘छोटीशी केस आहे’ असं म्हणण्याआधी एफआयआर वाचा. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर बहुतेक एफआयआर डाउनलोड होतात.

आता मूळ मुद्दा. छोट्या केसमध्ये कोर्ट तुम्हाला आरोप समजावून सांगतं आणि विचारतं, गुन्हा कबूल आहे का? तुम्ही ‘हो’ म्हटलं, दंड भरला, घरी आलात. दंड असेल पाचशे रुपये. पण कागदावर लिहिलं गेलं ‘दोषी’. पुढे पोलीस भरतीचा फॉर्म, बँकेचा फॉर्म, कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, सगळीकडे तो प्रश्न येतो: कधी दोषी ठरला आहात का? तिथे ‘फक्त दंड भरला होता’ असा पर्याय नसतो.

मग दुसरे रस्ते कोणते?

पहिला, तडजोड. नुकसान फक्त खाजगी माणसाचं असेल तर साधी तोडफोड तडजोडीनं मिटू शकते. काका-दादांना घेऊन जा, भरपाई द्या, पण शेवट कोर्टात नोंदवा. नुसतं ‘आमचं मिटलं’ म्हणून तारखेला जाणं थांबवू नका. कायदेशीर तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखा असतो. एसटीच्या काचेला हा रस्ता नाही.

दुसरा, प्रोबेशन. १९५८चा कायदा आहे. दोष सिद्ध झाला तरी कोर्ट वय, स्वभाव आणि गुन्ह्याचं स्वरूप बघून चांगल्या वागणुकीच्या बॉण्डवर सोडू शकतं, वर भरपाई द्यायला सांगू शकतं. वय एकवीसच्या आत असेल तर तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टाला कारणं लिहावी लागतात. आणि कलम १२ सांगतं की अशा दोषसिद्धीमुळे येणारी कायदेशीर अपात्रता लागत नाही. कबूल करायचंच ठरलं, तर निदान हा अर्ज केल्याशिवाय करू नका. बरेचदा तो मागितलाच जात नाही.

तिसरा, लढणं. यात वेळ जातो, ते लपवत नाही. ५ जानेवारी २००४ला पुण्याच्या भांडारकर संस्थेत तोडफोड झाली. ७२ जणांवर केस झाली. निर्दोष सुटकेचा निकाल आला २०१७ मध्ये, जवळपास तेरा वर्षांनी. सुटले तरी तेवढी वर्षं ‘आरोपी’ म्हणूनच गेली.

म्हणून तारीख सांभाळा. पोरगं पुण्यात नोकरीला, केस आर्वीला, असं आपल्याकडे घरोघरी आहे. तारीख चुकली की वॉरंट निघू शकतं. ई-कोर्ट्सचं ॲप टाका, केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर सेव्ह करा. जाता येत नसेल तर वकिलामार्फत आधी हजेरी माफीचा अर्ज द्या. केस चालू असताना पासपोर्ट हवा असेल तर कोर्टाची परवानगी लागते, हेही लक्षात ठेवा.

दोन गोष्टी मोबाइलच्या. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, पण तुमचं स्टेटस आणि रील चालू शकतं. आणि घाबरून डिलीट करत बसू नका, पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा होतो. जसं आहे तसं वकिलाला दाखवा.

वकिलाला पैसे नाहीत? महिला, अनुसूचित जाती-जमाती, अटकेत असलेली व्यक्ती, किंवा वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेली व्यक्ती, यांना मोफत वकील मिळतो. वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे जा. हेल्पलाइन १५१००.

आणि नोकरीच्या फॉर्ममध्ये केस लपवू नका. सुप्रीम कोर्टानं २०१६च्या अवतार सिंग निकालात सांगितलंय की माहिती खरीच द्यायची. लहान वयातल्या किरकोळ केसकडे मालक दुर्लक्ष करू शकतो, पण तो निर्णय त्याचा असतो.

दगड फेकणं बरोबर होतं असं मी म्हणत नाहीये. ज्याची काच फुटली त्याची भरपाई झालीच पाहिजे. पण भरपाई देणं वेगळं, आणि घाईघाईत आयुष्यभराचा शिक्का घेणं वेगळं. कोर्टात ‘हो’ म्हणण्याआधी एकदा वकिलाला विचारा: यानंतर माझ्या नावापुढे नेमकं काय लिहिलं जाणार?

ज्या मित्राच्या घरी समन्स आलंय, त्याला हा भाग आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात.