कॅटेगरी किती, एवढंच विचारू नका

१ जूनपासून हरिकेनचा मोसम सुरू होतो, तो ३० नोव्हेंबरपर्यंत. या काळात ह्यूस्टनमधल्या प्रत्येक मराठी घरात एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "कितवी कॅटेगरी आहे?" एक म्हटलं की आपण हुश्श करतो, चार म्हटलं की पाण्याच्या बाटल्या आणायला धावतो.

आता ही कॅटेगरी मोजते काय, तर फक्त वाऱ्याचा वेग. पाऊस किती पडेल, समुद्र किती आत शिरेल, वादळ एका जागी किती रेंगाळेल, यातलं काहीच तो आकडा सांगत नाही. हार्वी आठवा. २५ ऑगस्ट २०१७ च्या रात्री ते रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा कॅटेगरी चार होती. आपल्याकडे खरा कहर झाला तेव्हा ते हरिकेनसुद्धा उरलं नव्हतं, नुसतं 'ट्रॉपिकल स्टॉर्म' होतं. टीव्हीवर आकडा खाली येत होता आणि इकडे बायूचं पाणी वर चढत होतं. अमेरिकेत १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अशा वादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी जवळजवळ ९० टक्के पाण्यामुळे गेले. वाऱ्यामुळे नव्हे.

दुसरी गोष्ट, नकाशावरचा तो पांढरा शंकू, आइस्क्रीमच्या कोनासारखा. पुढे रुंद होत जातो म्हणून अनेकांना वाटतं की वादळ मोठं होत चाललंय. तसं नाही. रुंद होत जाते ती अंदाजातली अनिश्चितता. मागच्या पाच वर्षांतल्या चुका मोजून तो काढतात, आणि तोही वादळाच्या केंद्रापुरता. साधारण तीनपैकी एकदा केंद्रच शंकूच्या बाहेर जातं. पाऊस आणि वारा तर शंकूची रेघ मानतच नाहीत. २०२४ च्या जुलैत बेरिलचा रोख आधी दक्षिणेकडे होता. चार जुलैच्या सुट्टीत तो वर सरकत गेला आणि ८ तारखेला पहाटे ते मॅटागोर्डाजवळ आलं. कॅटेगरी फक्त एक! तरी ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, काहींची त्या उकाड्यात आठवडाभर.

लोक बेफिकीर असतात असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. २००५ मध्ये कॅटरिनाच्या पाठोपाठ रीटा आलं, तेव्हा इथले लोक घाबरून लाखोंनी बाहेर पडले. हायवेवर तासन्‌तास अडकले, वृद्धांना नेणारी एक बस पेटून २३ जण गेले, आणि वादळ ऐन वेळी पूर्वेला वळलं. हे ज्यांनी पाहिलं त्यांचे पाय पुढच्या वेळी जड होणारच. म्हणून "जायचं की राहायचं" हे वादळाच्या नावावर नाही, आपल्या पत्त्यावर ठरवा. घर किनाऱ्याकडच्या इव्हॅक्युएशन झोनमध्ये आहे का, हे आजच पाहून ठेवा. केटी किंवा शुगर लँड त्या झोनमध्ये नाहीत; तिथली चिंता पावसाच्या पाण्याची.

आणखी एक फसवा शब्द म्हणजे 'शंभर वर्षांतला पूर'. एकदा आला म्हणजे नातवंडांपर्यंत सुटलो, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी शंभरात एक, म्हणजे तीस वर्षांच्या मॉर्गेजमध्ये जवळजवळ चारात एक. हार्वीत बुडालेली निम्म्याहून अधिक घरं नकाशावरच्या त्या पूररेषेच्या बाहेरच होती.

भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांच्याशीही बोला. 'वॉच' आणि 'वॉर्निंग' दोन्हींचं मराठी आपण 'इशारा' असंच करतो आणि घोळ होतो. वॉच म्हणजे तयारीत राहा, वॉर्निंग म्हणजे आता हलायचं. तुम्ही ऑफिसात असताना त्यांच्या फोनवर तो कर्कश अलार्म वाजला तर काय करायचं, हे कागदावर मराठीत लिहून फ्रिजवर लावा. औषधांची यादीही तिथेच. आणि जनरेटर गॅरेजमध्ये, अगदी दार उघडं ठेवूनसुद्धा, लावायचा नाही, हे ठळक अक्षरात.

शेवटचं, पैशांचं. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं पाणी धरत नाहीत. सरकारी पूरविमा वेगळा घ्यावा लागतो, भाड्याने राहणाऱ्यांना सामानापुरताही मिळतो. पण तो साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. वादळाला नाव मिळाल्यावर एजंटला फोन केलात, तर त्या वादळापुरता उपयोग नाही.