शहरानं काय दिलं, काय घेतलं

(विहाराच्या वर्धापन दिनी हिवरा आश्रम, ता. मेहकर, जि. बुलढाणा येथे झालेले भाषण)



समितीने आम्हाला बोलावलं आणि विषयही आमच्यावरच सोपवला. आम्ही काही विद्वान नाही. सातवीपर्यंत शाळा झाली, बाकीचं शिक्षण रात्रशाळेत, चाळीच्या वाचनालयात आणि गिरणीच्या गेटवरच्या सभांत झालं. पण या मातीतून उठून मुंबईत गेलो आणि तिथे सदतीस-अडतीस वर्षं काढली, त्यामुळे एका विषयावर बोलण्याचा थोडाफार अधिकार आम्हाला आहे. तो विषय म्हणजे शहर. गावी आलो की आयाबाया हमखास विचारतात, "दादा, पोट्ट्याले मुंबईले धाडू का इथंच ठेवू?" पाहुणा माणूस या प्रश्नावर हसून चहा पितो आणि निघून जातो. आज आम्ही तसं करणार नाही.

पूर्वी इकडून मुंबईला जायचं म्हणजे एस.टी.नं मलकापूर गाठायचं आणि तिथून रेल्वे धरायची. आता मेहकरजवळून समृद्धी महामार्ग गेला. जून २०२५ मध्ये त्याचा शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. सकाळी निघालेला पोरगा दिवे लागायच्या आत मुंबईच्या तोंडाशी पोचतो. तेव्हा जायचं कसं हा प्रश्न राहिला नाही. कशासाठी जायचं आणि काय घेऊन जायचं, हा प्रश्न राहिला.

प्रथम शहराचे उपकार सांगतो, कारण उपकार विसरणं हा आपला धर्म नव्हे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत घटनेचा मसुदा मांडला. तेव्हा पुष्कळ लोक खेड्याचे गोडवे गात होते. बाबासाहेबांनी भर सभेत सांगितलं की, खेडं म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचं घर आहे. हे बोलणारा माणूस खेडं आणि शहर दोन्ही भोगलेला होता. साताऱ्याहून ते मुंबईत आले, परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहिले आणि तिथून १९०७ साली मॅट्रिक झाले. पुढे परळच्याच बी.आय.टी. चाळीत त्यांनी संसार केला. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली ती मुंबईतच. तिच्या आधीची विचारविनिमयाची सभा परळच्या दामोदर हॉलमध्ये झाली होती. गावात अशी सभा घ्यायला जागा कुणी दिली असती? शहरात गर्दी होती, छापखाना होता, रोख पगार होता. बलुत्याची भाकर खाणारा माणूस मालकाला उलटून बोलू शकत नाही. महिन्याच्या पगारावर जगणारा बोलू शकतो. आपल्या चळवळीच्या वर्गणीची पावती फाडली ती याच पगारातून.

पण शहरात जात नव्हती असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. एल्फिन्स्टन हायस्कुलात मास्तरांनी लहान भीमरावाला फळ्यापाशी बोलावलं, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे काढायला पोरं धावली होती. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोदा शहरात राहायला खोली मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढलं. ही शहरंच होती.

आणि आमच्या गिरण्या? गिरणीत साचा खात्यात, म्हणजे विणकामात, पगार सर्वांत बरा होता. पण तिथे आपल्या माणसाला मज्जाव होता. कारण काय? धोट्यात नवी कांडी भरली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. एकाच्या ओठाचा धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागायचा. म्हणून आपल्या लोकांनी कमी पगाराच्या रिंग आणि थ्रॉसल खात्यात मरायचं. १९२८ साली मुंबईत सहा महिने गिरण्यांचा संप चालला. जगभरच्या कामगारांनी एक व्हावं असं सांगणारे पुढारी तेव्हा होते. तरीसुद्धा संपाच्या मागण्यांत ही बंदी उठवण्याची मागणी घाला, असा आग्रह बाबासाहेबांना धरावा लागला. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, कामगारविरोधी बिलाच्या विरोधात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि तेच लाल बावट्यावाले एकत्र येऊन संपात उतरले. शहर माणसाला असं शिकवतं. भांडण मिटलेलं नसताना एका मोर्चात चालायचं, आणि मोर्चा संपल्यावर भांडण परत मांडायचं.

आम्ही १९८७ साली बदली कामगार म्हणून लागलो, तोवर धोटा तोंडानं ओढायचे दिवस सरले होते. खात्यात कोकणातले होते, घाटावरचे होते, तेलंगणातले पद्मशाली, उत्तरेकडचे भैये, मदनपुऱ्याचे मोमीन होते. मशीनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून सगळे हातवाऱ्यांनी बोलत. त्या हातवाऱ्यांना भाषा नव्हती की जात नव्हती. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की सुकटीचा वास, आंबाडीच्या भाजीचा वास, बिर्याणीचा वास एकत्र व्हायचा. वऱ्हाडातलं आमचं बोलणं ऐकून लोक हसायचे, "काऊन" म्हटलं की टाळ्या पिटायचे. पण आडनावावरून कुणी डबा बाजूला सरकवला नाही. चोवीस तासांतले आठ तास तरी माणूस म्हणून गेले. हे लहान काम नव्हे.

आम्ही राहायचो नायगावच्या बी.डी.डी. चाळीत, चुलत्यांच्या खोलीवर. या चाळी १९२० नंतरच्या वर्षांत सरकारने बांधल्या. एक खोली १६० चौरस फुटांची, मजल्यावर सामाईक संडास. एका खोलीत आम्ही नऊ जण. तीन पाळ्यांमुळे सगळे एका वेळी झोपायला नसत म्हणून जागा पुरायची. पण त्याच चाळीच्या जिन्यात अभ्यास मंडळं चालली, गायन पार्ट्या बसल्या, धम्मदीक्षेनंतर बुद्ध-वंदना घुमली. महाकवी वामनदादा कर्डक नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यातून निरक्षर आले, अक्षरं शिकले ती मुंबईत. पुढे त्यांची गाणी तुमच्या आमच्या घरात आली. आमच्या बायकांना विचारा, त्या वेगळंच सांगतील. त्या म्हणतात, जागा अपुरी होती, नळाला पहाटे तीनला रांग लावावी लागे, पण विहिरीवर कुणी वरून पाणी वाढत नव्हतं. रांगेत नंबर असेल तर नंबरच. आमच्या कारभारणीला मुंबईतलं सर्वांत जास्त काय आवडलं, तर ती रांग.

आता दुसरी बाजू. शहर तुम्हाला विचारत नाही की तू कोण. यामुळे सुटका होते, आणि यामुळेच माणूस मेला तरी शेजाऱ्याला तीन दिवस कळत नाही. शिवाय न विचारण्याचा हा नियम घर भाड्यानं घेताना लागू नसतो. आमची मुलगी पदवीधर आहे, नोकरी करते. उपनगरात खोली बघायला गेली तर एजंट आधी आडनाव विचारी, मग खाता काय हे विचारी, मग म्हणे मालक बाहेरगावी गेलेत. असे चार मालक बाहेरगावी गेले. बाबुराव बागुलांच्या १९६३ सालच्या कथासंग्रहाचं नाव "जेव्हा मी जात चोरली होती" असं आहे. साठ वर्षं उलटली तरी शहरात कुणाला ना कुणाला जात चोरावी लागते. आमच्या मुलीनं चोरली नाही. खोली मिळायला पाच महिने लागले.

१९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल झाली, एकाच आवारात राहणाऱ्यांनी एकमेकांवर दगड घातले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ आम्ही स्वतः पाहिला. आमच्या खात्यातले मोमीन साचेवाले कित्येक दिवस दिसले नाहीत. काही परतले, काही परतलेच नाहीत. डबे पुन्हा उघडले, पण बोलणं पूर्वीसारखं राहिलं नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण गेले. तेही शहरच.

आणि गिरण्यांचं काय झालं ते तुम्ही जाणता. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. आमचे चुलते त्यात होते. तो संप अधिकृतपणे मागे घेतल्याचं कधी जाहीरच झालं नाही. १९९१ चा नियम सांगत होता की गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होतील, एक महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती राहिली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. चिमण्यांच्या जागी काचेचे टॉवर उभे राहिले. कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली. अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास, घरं मिळाली थोड्यांना. बाकीच्यांना आता शेलू-वांगणीकडे बोट दाखवतात. ज्यांनी परळ वसवलं त्यांनी परळ सोडायचं. आमची गिरणी मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच.

तरी एक गोष्ट मनाला उभारी देते. दादरची इंदू मिल बाबासाहेबांच्या स्मारकाला मिळाली, चैत्यभूमीला लागूनच. त्यासाठी डिसेंबर २०११ मध्ये आपले कार्यकर्ते मिलमध्ये घुसून बसले होते. २०१५ साली भूमिपूजन झालं. गिरणी गेली याचं दुःख आणि तिथे बाबासाहेब येणार याचा आनंद, ही दोन्ही एकाच जमिनीवर आमच्या वाट्याला आली. कुणी विचारलं की मुंबईबद्दल तुम्हाला काय वाटतं, तर आम्ही म्हणतो, इंदू मिलकडे पाहून जे वाटतं तेच.

मग गावात राहावं का? २०२० च्या टाळेबंदीत हजारो माणसं नाशिकच्या रस्त्यानं चालत निघाली. शहरानं आपल्या कष्टकऱ्यांना दोन महिने सांभाळलं नाही, आणि कित्येक गावांनी वेशीवर काट्या टाकल्या. गाव म्हणजे माया आणि शहर म्हणजे दगड, असा हिशेब सोपा नाही. खैरलांजी २००६ ला झाली, खर्डा २०१४ ला झालं, ती गावंच होती. पण गावंही एकसारखी नसतात. आपल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जन्मोत्सवाच्या शेवटच्या दिवशी लाखोंची पंगत बसते, ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते आणि शेजारी कोण बसलं हे कुणी विचारत नाही. ते एका दिवसाचं वर्षभर कसं होईल, हे गावात राहणाऱ्यांचं काम आहे. ते काम शहरात जाण्यापेक्षा हलकं नाही.

आयाबायांना आमचं उत्तर असं. पोराला धाडा, पोरीलाही धाडा, पण रिकाम्या हातानं धाडू नका. एक, आय.टी.आय. असो, पदवी असो, हातात काहीतरी येऊ द्या. बिनहुन्नरी माणसाला शहर नाक्यावर उभं करतं. दोन, जातीचा दाखला आणि पडताळणी आधी इथूनच करून घ्या. आपल्या जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो आणि तो या मातीतच असतो. आमची मुलं मुंबईत जन्मली, मुंबईत शिकली, पण दाखल्यासाठी मेहकरच्या कचेरीतच यावं लागलं. तीन, शिकणाऱ्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज भरा, मुंबई-पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत आहे. चार, इथलं घर आणि शेताचा तुकडा विकून जाऊ नका. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर १९६४-६५ साली लाखो माणसं भूमिहीनांसाठी तुरुंगात गेली. ती जमीन शहराच्या पागडीत घालायची नाही. आणि पाच, तिथे गेल्यावर आपल्या मंडळात जा, पण फक्त आपल्यांतच बसू नका. दुसऱ्याचा डबा खा, आपला द्या, दुसऱ्याची भाषा शिका.

विहार समितीला एक विनंती. एक जाड वही घाला. गावातून कोण कुठल्या शहरात गेलं, कुठे राहतं, काय काम करतं, फोन कोणता, सगळं त्यात लिहा. नवा पोरगा निघाला की त्याला दोन पत्ते द्या. मुंबईत आम्हाला चुलत्यांची खोली होती म्हणून आम्ही उभे राहिलो. ज्याला चुलता नाही त्याचा चुलता या विहारानं व्हावं. पहिल्या पानावर आमचं नाव आणि पत्ता आज आम्ही लिहून जातो. घर लहान आहे, पण चटई टाकायला जागा आहे.

एवढं बोलून रजा घेतो. भवतु सब्ब मंगलं. जयभीम!