आयर्लंडची घराणी आणि त्यांचे किताब



जालना जिल्ह्यात असई नावाचं एक गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी या गावापाशी, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. हा वेलस्ली जन्माने इंग्लंडातला नव्हे, आयर्लंडातला; डब्लिन शहरी एका सरदार घराण्यात जन्मलेला. आणि त्याचं आडनावसुद्धा मूळचं त्याचं नव्हतं! त्याचे आजोबा रिचर्ड कॉली. त्यांचा डँगन येथील एक श्रीमंत भाऊबंद गॅरेट वेस्ली १७२८ साली निपुत्रिक वारला. माझं आडनाव लावशील तर माझा जमीनजुमला तुझा, अशी अट होती. कॉलीसाहेबांनी आडनाव बदललं, आणि नातवंडांनी पुढे १७९८ च्या सुमारास त्या 'वेस्ली'चं अधिक भारदस्त असं 'वेलस्ली' करून टाकलं. होमहवन तेवढं झालं नाही. बाकी सारा दत्तकाचाच मामला.

या घराण्याकडे आपण शेवटी परत येऊ. आधी मुळाकडे जायला हवं, कारण आयर्लंडात घराणी दोन तऱ्हेची. एक मूळची गेलिक, म्हणजे त्या भूमीतली. दुसरी बाराव्या शतकात आणि त्यानंतर समुद्र ओलांडून आलेली. फिट्झजेराल्ड, बटलर, बर्क ही दुसऱ्या तऱ्हेतली. बटलर म्हणजे राजाच्या मद्यशाळेवरचा अधिकारी. हुद्द्याचंच आडनाव झालं, आपल्याकडे चिटणीस आणि फडणीस झाले तसं.

गेलिक घराण्यांची नावं ओळखायला सोपी. 'ओ' म्हणजे नातू, 'मॅक' म्हणजे मुलगा. ओब्रायन म्हणजे ब्रायनचा नातू, पुढे वंशज या अर्थी. हा ब्रायन म्हणजे क्लॉन्टार्फच्या लढाईत १०१४ साली मारला गेलेला राजा ब्रायन बोरू. त्याचे वंशज आजही हे आडनाव लावतात. युरोपात पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी आडनावं फार लवकर रुजली ती याच देशात.

आता या मंडळींचा वारसाहक्क कसा चाले, ते नीट ध्यानात घ्या. पुढचा सगळा रक्तपात त्यातून निघाला आहे. आपली सर्वसाधारण समजूत अशी की, राजाच्या मागे थोरला मुलगा. आयर्लंडात तसं नव्हतं. एका पणजोबाचे जेवढे वंशज, तेवढे सगळे पुरुष गादीला पात्र. त्यांतून जो कर्ता, धडधाकट, चार माणसं राखणारा, त्याला कुळातले लोक निवडीत. पुष्कळदा धनी जिवंत असतानाच पुढचा नेमून ठेवीत. त्याला 'तानिस्ट' म्हणत. मग भाऊ असो, पुतण्या असो, चुलतभाऊ असो. मुलगा औरस की अनौरस हाही प्रश्न तिथे फारसा नव्हता. बापाने 'हा माझा' म्हटलं की झालं. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जमीन धन्याची नव्हती, कुळाची होती. धन्याला तहहयात भोगवटा, एवढंच.

ही पद्धत चांगली की वाईट? भाऊबंदकीला आमंत्रण होतं, हे खरं. पण अज्ञान मुलगा किंवा नालायक मुलगा केवळ थोरला म्हणून गादीवर बसला, असं सहसा होत नसे. मला विचाराल, तर ज्या मुलुखात दर वर्षी उन्हाळ्यात गुरं पळवण्यासाठी शेजारी चालून येतो, त्या मुलुखाला ही पद्धत मानवण्यासारखीच होती.

१५४१ साली इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने स्वतःला आयर्लंडचा राजा जाहीर करवलं, आणि त्याच्या दरबाराने एक युक्ती काढली. आयरिश सरदाराने आपली जमीन राजाच्या चरणी अर्पण करायची, आणि राजाने तीच जमीन सनद करून परत द्यायची. सोबत 'अर्ल' किंवा 'बॅरन' असा किताब. वरवर पाहिलं तर कुणाचं काही गेलं नाही. परंतु जाताना जमीन कुळाची होती. परत आली ती एका माणसाची होऊन, आणि त्याच्यामागे त्याच्या थोरल्या मुलाची. बाकीच्या भाऊबंदांचा हक्क मधल्या मध्ये, शाईच्या एका फटकाऱ्यात नाहीसा झाला.

ओब्रायनांच्या बाबतीत सनद लिहिणाऱ्यांनी थोडा शहाणपणा दाखवला. १५४३ साली मरो ओब्रायनला थोमंडचा अर्ल केलं ते फक्त त्याच्या हयातीपुरतं. पुढे तो किताब पुतण्याकडे जावा असं लिहिलं, आणि मरोच्या मुलांसाठी इंचिक्विनची बॅरनी वेगळी ठेवली. थोमंडचा किताब आज उरलेला नाही, इंचिक्विनचा चालू आहे.

अल्स्टरच्या ओनील घराण्यात मात्र नेमकं उलट घडलं. कॉन ओनील हा त्या घराण्याचा धनी. धन्याला तिकडे नुसतं 'ओनील' म्हणत. पुढे नाव लावायचंच नाही, एवढा त्या शब्दाचा मान. १५४२ साली हा कॉन ग्रीनिचला राजापुढे गेला, 'ओनील' हे बिरुद सोडायचं त्याने कबूल केलं आणि टायरोनचा अर्ल होऊन परतला. वारस कोण? त्याने नाव दिलं मॅथ्यूचं. आता हा मॅथ्यू वाढला होता डंडॉक गावच्या एका लोहाराच्या घरी, लोहाराचा मुलगा म्हणून. मोठा झाल्यावर त्याच्या आईने त्याला कॉनपुढे उभं केलं आणि सांगितलं, हा तुमचा. कॉनने मान्य केलं. आयरिश रिवाजाप्रमाणे त्यात वावगं काही नव्हतं. पण सनद होती इंग्रजी, आणि इंग्रजी कायद्याला लग्नाचा मुलगा लागतो!

कॉनचा लग्नाचा मुलगा शेन हा काही गप्प बसणारा नव्हता. १५५८ साली त्याच्या माणसांनी मॅथ्यूला ठार केलं. पुढल्या वर्षी म्हातारा कॉनही गेला, आणि शेन 'ओनील' झाला. १५६२ च्या जानेवारीत तो एलिझाबेथ राणीपुढे लंडनला आला. सोबत केशरी सदरे घातलेले, बोडक्या डोक्याचे, हातात परशू घेतलेले शिपाई. लंडनचे लोक रस्त्यात उभे राहून पाहत राहिले. त्याची बाजू ऐकण्यासारखी आहे. तो म्हणे, मॅथ्यू लोहाराचा, औरस मी. म्हणजे तुमच्या कायद्याने हक्क माझा. आणि कुळाने निवडलं मला, म्हणजे आमच्याही कायद्याने हक्क माझाच. शिवाय बापाला जमिनीचा भोगवटा तहहयातीचा होता; जी जमीन त्याची नव्हतीच ती त्याने राजाला दिली कशी? मग सनद कसली आणि अर्ल कसला? तालुक्याच्या कोर्टात उभा राहिलेला एखादा मुरलेला वकीलही यापरतं काय बोलणार! राणीच्या मंत्र्यांना उत्तर देणं जड गेलं. पण शेनचा निकाल कोर्टात लागला नाही. १५६७ साली मॅकडॉनेल लोकांनी त्याला जेवणाच्या जागीच मारलं, आणि त्याचं मुंडकं डब्लिनच्या किल्ल्यावर टांगलं गेलं.

मॅथ्यूचा मुलगा ह्यू. लहानपणी तो इंग्रजांच्या छायेत वाढला, पुढे त्यांनी त्याला अर्ल केलं. त्यांचा अंदाज असा की, हा आपला माणूस. १५९५ साली तुलाहोगच्या टेकडीवरील दगडी आसनावर बसून तो स्वतःच 'ओनील' झाला! अर्लपेक्षा त्याला तो जुना शब्द मोठा वाटला. मग लढाई झाली, नऊ वर्षांची. १६०१ मध्ये किन्सेलला त्याचा पराभव झाला, आणि पुढल्या वर्षी इंग्रज सेनापती माउंटजॉय याने तुलाहोगचं ते आसन फोडून टाकलं. माणसं मारून भागलं नाही, दगडही फोडावा लागला. १६०७ च्या सप्टेंबरात ह्यू आपल्या माणसांसह रॅथमलनहून जहाजात बसला तो परत आला नाही. १६१६ साली रोममध्ये वारला. मागे अल्स्टरच्या सहा परगण्यांतली जमीन जप्त होऊन इंग्लंड-स्कॉटलंडहून आणलेल्या लोकांना वाटली गेली. त्या वाटपाचे वण तिथे अजून दिसतात.

आता वेलस्लींकडे वळू. आर्थरचा थोरला भाऊ रिचर्ड आपल्याकडे १७९८ ते १८०५ गव्हर्नर-जनरल होता. टिपूचा पाडाव केल्याबद्दल १७९९ मध्ये त्याला मार्क्विस केलं, पण आयर्लंडचा. इंग्लंडचा न मिळाल्याने तो इतका रुसला की, या किताबाला त्याने सोन्याचा दुहेरी मुलामा दिलेला बटाटा म्हटलं. आयरिश किताब हे अशा रीतीने दुय्यम बक्षीस होऊन बसले होते. शेवटचा आयरिश किताब १८९८ साली दिला गेला तो लॉर्ड कर्झनला, हिंदुस्थानात व्हाइसरॉय म्हणून येताना. या कर्झनचा आयर्लंडशी संबंध शून्य! रिचर्डला पाच मुलं होती. परंतु ती झाली लग्नाआधी. त्याच बाईशी त्याने १७९४ साली रीतसर लग्न केलं, तरी इंग्रजी कायद्यापुढे मुलं अनौरस ती अनौरसच. १८४२ साली तो वारला आणि मार्क्विसपद संपलं. जुन्या आयरिश रिवाजात लोहाराघरचा मॅथ्यू वारस होऊ शकत होता. रिचर्डचे सख्खे मुलगे होऊ शकले नाहीत.

आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर १९३७ च्या घटनेत लिहिलं गेलं की, राज्य कुणालाही सरदारकीचा किताब देणार नाही. आपल्या घटनेतलं अठरावं कलम याच जातीचं. मार्गदर्शक तत्त्वं तर आपण आयर्लंडकडूनच घेतली. तरी जुन्या कुळांच्या वारसांना नुसता सौजन्याचा मान म्हणून डब्लिनची वंशावळ कचेरी १९४४ पासून मान्यता देई. त्यातही घोटाळा झालाच. मॅकार्थी मोर या पुरातन पदावर एकाने हक्क सांगितला, १९९२ मध्ये तो मान्यही झाला, आणि १९९९ मध्ये वंशावळ बनावट निघाली. २००३ साली सरकारने ही मान्यताच बंद केली.

खऱ्या वंशावळी राखणारी घराणी पूर्वी वेगळी असत, आपल्याकडच्या हेळव्यांसारखी किंवा भाटांसारखी. त्यांतला शेवटचा थोर माणूस दुवाल्ताख मॅक फिरविसी. गॉलवे शहरात, क्रॉमवेलच्या फौजा देश तुडवीत असताना, १६५० च्या सुमारास त्याने वंशावळींचा प्रचंड ग्रंथ लिहून काढला. ज्यांच्या वंशावळी तो लिहीत होता त्यांच्या जमिनी त्याच वेळी जात होत्या. १६७१ साली त्याचा खून झाला. ग्रंथ मात्र राहिला, आणि या शतकात पाच खंडांत छापला गेला.

ही झाली थोरामोठ्यांची गोष्ट. साध्या कुळवाड्याची वंशावळ कुठे शोधायची? ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनचं दप्तरखाना पेटला. मृत्युपत्रं, चर्चची रजिस्टरं, १८२१ पासूनच्या खानेसुमारीचे कागद, बहुतेक सारं जळालं. पुढल्या खानेसुमारीचे कागद सरकारने आधीच नष्ट केले होते. पूर्ण उरले ते १९०१ आणि १९११ चे. म्हणून अमेरिकेहून, ऑस्ट्रेलियाहून आपल्या पणजोबाचं गाव शोधायला येणारी माणसं आता एक वेगळंच पुस्तक उघडतात. ते आहे जमिनीच्या आकारणीचं, १८४७ ते १८६४ या काळात छापलेलं, बरंचसं आपल्या सातबाऱ्यासारखं. त्यात प्रत्येक ओळीला आधी जमीन कसणाऱ्याचं नाव, त्याच्या शेजारी ज्याच्याकडून ती खंडाने घेतली त्याचं, मग क्षेत्र, मग आकार. एखाद्या ओळीत त्या दुसऱ्या रकान्यात अर्लचं नाव असतं, आणि पहिल्या रकान्यात कुणीतरी ओनील.