किंमत एक फ्रँक



१९९६ साली फ्रान्सचं सरकार आपली एक कंपनी एका फ्रँकला विकायला निघालं होतं. सव्वा रुपयाच्या दक्षिणेसारखी, नुसती नावापुरती रक्कम! कंपनी मात्र लहान नव्हती. घरातले टीव्ही संच आणि लढाऊ विमानांची रडारं, दोन्ही बनवणारी थॉमसन. डोक्यावर कर्ज डोंगराएवढं. पंतप्रधान आलँ ज्युपे यांचा बेत असा होता, की आधी सरकारनं भांडवल ओतायचं, मग सारा पसारा लागार्देर उद्योगसमूहाला द्यायचा आणि त्यांनी टीव्हीचा धंदा कोरियाच्या देवूकडे सोपवायचा. कामगार रस्त्यावर उतरले, खासगीकरण आयोगानं हरकत घेतली आणि डिसेंबरात बेत गुंडाळावा लागला.

त्या एका फ्रँकात जाणार तरी काय होतं?

या कंपनीत दोन घराणी मिसळली होती. थॉमसन हे नाव एलिहू थॉमसन या अमेरिकी विद्युत् अभियंत्याचं. त्याचे शोध वापरायला १८९३ साली पॅरिसात कंपनी निघाली. दुसरं घराणं अस्सल फ्रेंच. एमिल जिरार्दो यांनी १९१८ साली उभी केलेली बिनतारी संदेशांची कंपनी, सीएसएफ. खरा ऐवज या दुसऱ्या घरात होता असं मला वाटतं.

सीएसएफच्या प्रयोगशाळेत मॉरिस पोंत आणि त्यांचे सहकारी मॅग्नेट्रॉनवर काम करत होते. ही एक निर्वात नळी. मधल्या तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, चुंबकीय क्षेत्रात गरगरतात आणि त्यातून अगदी आखूड रेडिओलहरी निघतात. १९३५ साली ‘नॉर्मंडी’ या प्रवासी जहाजावर त्यांचं यंत्र बसलं. १६ सेंटिमीटरच्या लहरी सोडायच्या, परतलेला प्रतिध्वनी टिपायचा आणि धुक्यातला अडथळा ओळखायचा. लहरींना जोर मात्र कमी होता.

मे १९४०मध्ये पोंत आपले मॅग्नेट्रॉन घेऊन लंडनच्या वेंब्ली भागात, जीईसी या ब्रिटिश कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या भौतिकशास्त्रज्ञांनी फेब्रुवारीतच पोकळ्यांचा, जास्त ताकदीचा मॅग्नेट्रॉन केला होता आणि जीईसी तो सुधारत होती. पोंत यांच्या नळीतल्या कॅथोडला ऑक्साइडचा लेप होता, त्यामुळे इलेक्ट्रॉन भरपूर सुटत. इंग्रजांनी ती युक्ती उचलली आणि ताकद कित्येक पटींनी वाढली. जूनमध्ये पॅरिस जर्मनांच्या हाती गेलं. रडारच्या गोष्टीत बर्मिंगहॅमचं नाव सगळे घेतात; पोंत सहसा कुणाला आठवत नाहीत.

पुढचं झपाट्यानं सांगतो. १९६८ साली दोन्ही घराणी एक होऊन थॉमसन-सीएसएफ झाली. १९८२ साली राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी तिचं राष्ट्रीयीकरण केलं. विक्रीचा तो तमाशा फसल्यावर १९९८मध्ये संरक्षणाची बाजू वेगळ्या वाटेनं खासगी झाली. अल्काटेल आणि दासो यांचे इलेक्ट्रॉनिक्स विभाग तिच्यात आले. २००० साली ब्रिटनची रकाल घेतली आणि नाव बदललं: तालेस. आपली वर्तमानपत्रं थेल्स लिहितात. आज तिचा सुमारे चौथा हिस्सा फ्रेंच सरकारकडे आहे, जवळजवळ तेवढाच दासो एव्हिएशनकडे. खासगी म्हणायचं, पण दोरी सरकारनं पुरती सोडलेली नाही. शस्त्रांच्या धंद्यात ती सहसा कुणी सोडत नाही.

आपला या कंपनीशी संबंध राफेल या लढाऊ विमानामुळे आला असं अनेकांना वाटतं. राफेलच्या नाकातलं आरबीई-२ रडार तालेसचंच. पण संबंध त्याहून जुना आहे: बंगळुरात १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स स्थापन झाली, ती सीएसएफच्याच सहकार्यानं. पुण्यातला भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना याच रोपाची पुढची फांदी. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या लिअँडर जातीच्या फ्रिगेटांसाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सनं रडारं केली, ती हॉलंडच्या सिग्नाल कंपनीच्या परवान्यानं. ऐंशीचं दशक सरताना थॉमसननं फिलिप्सकडून ही सिग्नालही विकत घेतली. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे फ्रेंच आणि डच, दोन्ही गुरू असे एकाच मालकाच्या हाताखाली आले.